फुकटचे दिवाणजी

मॉन्ट्रियल शहराला बेसबॉलच्या मोठ्या साखळीतला संघ नाही. होता, तो गेला. २९ सप्टेंबर २००४ या दिवशी ऑलिम्पिक स्टेडियममध्ये ३१,३९५ प्रेक्षकांच्या साक्षीने एक्स्पोज हा संघ फ्लोरिडाकडून ९-१ असा सपाटून हरला आणि पुढच्या मोसमात वॉशिंग्टनला जाऊन नव्या नावाने नांदू लागला. पण नोव्हेंबर उजाडला, सेंट लॉरेन्स नदीवरून बोचरे वारे सुटले, की या शहरातल्या बेसबॉलवेड्यांच्या गप्पा अजूनही त्याच वळणावर येतात: पेद्रो मार्टिनेझला बोस्टनला द्यायला नको होतं, लॅरी वॉकरला तरी धरून ठेवायला हवं होतं, रँडी जॉन्सनच्या वेळी कोणाची मती फिरली होती देव जाणे. आपल्याकडे तुरी बाजारात असतानाच घरात भांडण जुंपतं. इथे तुरी नाहीत, बाजारही केव्हाच उठून गेला, आणि भांडणात मात्र खंड नाही.

बेसबॉलचा मोसम मार्चअखेर सुरू होतो आणि ऑक्टोबरात, फार तर नोव्हेंबरच्या तोंडावर संपतो. एकेक संघ तेवढ्यात १६२ सामने खेळतो. उरलेले महिने खेळाडू घरी बसतात आणि चाहते खेळायला उतरतात. आपल्या संघाने कोणाला विकावं, कोणाच्या बदल्यात कोणाला आणावं, कोणाला किती वर्षांचा करार द्यावा, हा तो खेळ. त्याला पंच नाही, वयाची अट नाही आणि निकाल लागायची भीती नाही. खेळाडूंची अशी अदलाबदल कशी होते हे मराठी वाचकाला पूर्वी समजावून सांगावं लागलं असतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबई इंडियन्सकडे परतला आणि पुढच्या उन्हाळ्यात वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली, तेव्हापासून ती गरज उरलेली नाही.

या वादांमधली एक गंमत मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. चाहता नेहमी मालकाच्या बाजूने हिशेब करतो. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सने शोहेई ओतानीला १० वर्षांचे ७० कोटी डॉलर कबूल केले आणि त्यातले ६८ कोटी २०३४ पासून पुढे द्यायचं ठरलं. ज्यांना स्वतःच्या घराच्या हप्त्यात मुद्दल किती आणि व्याज किती हे विचारलं तर खिडकीबाहेर बघावं लागतं, ते गृहस्थ त्या ६८ कोटींची आजची किंमत किती याचा काथ्याकूट महिनाभर करत होते. न्यूयॉर्क मेट्सने बॉबी बोनिया या खेळाडूला घालवताना त्याचे पैसे सव्याज आणि हप्त्याहप्त्याने द्यायचं मान्य केलं. २०११ पासून २०३५ पर्यंत दर १ जुलैला त्याला ११ लाख ९३ हजार डॉलर मिळतात. गडी शेवटचा खेळला तो २००१ साली. दर १ जुलैला देशभरचे चाहते मेट्सच्या नावाने हळहळतात. मेट्सच्या मालकाला इतकं वाईट वाटत असेल असं मला वाटत नाही. पगार नाही, दिवाळीचा बोनस नाही, पेढीवर बसायला गादी नाही, आणि हे शेठजींच्या गल्ल्याची राखण करतायत. फुकटचे दिवाणजी. माझं म्हणणं असं की ही दिवाणजीगिरी नुसती हास्यास्पद असती तर हरकत नव्हती, पण ती चुकीची वही उघडून केली जाते. खेळाच्या धंद्यात महाग पडतं ते काँक्रीट. माणसं त्या मानाने स्वस्त असतात. पुरावा हवा तर मॉन्ट्रियलसारखं शहर शोधून सापडणार नाही.

चुकीची वही का उघडली जाते, तेही उघड आहे. खेळाडूचा पगार वर्तमानपत्रात पै-पैशासह छापून येतो आणि त्याच्याशेजारी त्याचा फोटो असतो. तो चेंडू सोडतो तेव्हा आपण बघत असतो, आणि एका चुकीचे डॉलर किती हा भागाकार शाळकरी पोरालाही जमतो. मालकाचा नफा छापून येत नाही. स्टेडियमला सरकारने किती दिले हे अर्थसंकल्पात कुठल्या तरी पुरवणी मागणीत असतं, आणि खांब काही झेल सोडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये लखनौने ऋषभ पंतवर २७ कोटी रुपये लावले तेव्हा पुण्यापासून नागपूरपर्यंत कट्ट्याकट्ट्यावर एकच प्रश्न होता: सत्तावीस? एका यष्टीरक्षकाला? तोच संघ विकत घ्यायला मालकांनी २०२१ मध्ये ७,०९० कोटी मोजले होते, आणि त्यावर कोणी चहाचा दुसरा कपही मागवला नव्हता. सात हजार कोटी हा आकडाच असा आहे की त्याचा कोणाला हेवा वाटू शकत नाही. सत्तावीस कोटींचा वाटतो, कारण तेवढे आपल्यालाही लॉटरीत लागू शकले असते.

आता मॉन्ट्रियल. १९६७ च्या जागतिक प्रदर्शनाच्या धुंदीत या शहराने १९६९ मध्ये बेसबॉलचा संघ मिळवला. अमेरिकेबाहेरचा मोठ्या साखळीतला हा पहिलाच. नावही त्या प्रदर्शनावरूनच ठेवलं. सीग्रॅम मद्यसमूहाचे चार्ल्स ब्रॉन्फमन मालक झाले. परवाना पडला १ कोटी डॉलरला. मैदान होतं जॅरी पार्क, सुमारे २८,००० प्रेक्षकांचं, आणि उजव्या बाजूच्या कुंपणापलीकडे नगरपालिकेचा पोहण्याचा तलाव होता. एखादा तगडा फटका कुंपण ओलांडून थेट त्या पाण्यात जाऊन पडायचा. संघ फारसा जिंकत नसे आणि त्याची कोणाला विशेष खंतही नसे. लोक येत, उन्हात बसत, रस्टी स्टॉबच्या तांबूस केसांवरून त्याला ‘ल ग्राँ ऑरांज’ म्हणून हाका मारत. तात्पुरतं म्हणून घेतलेलं हे मैदान संघाच्या अंगाला अगदी बरोबर बसत होतं. पण तात्पुरत्या गोष्टीत समाधान मानणं हे महापौर ज्याँ द्रापो यांच्या कुंडलीत नव्हतं.

१९७६ चं ऑलिम्पिक द्रापोंनी शहरात आणलं. ऑलिम्पिकला तूट येणं हे पुरुषाला मूल होण्याइतकंच अशक्य आहे, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. खर्चाचे आकडे फुगू लागले तेव्हा एस्लिन या व्यंगचित्रकाराने पोट पुढे आलेले महापौर काढले, आणि ते शहरातल्या गर्भपात करणाऱ्या प्रसिद्ध डॉक्टरांना फोन लावतायत असं दाखवलं. रोजे तायिबेर या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाने कल्पिलेल्या त्या स्टेडियमला वाकलेला उंच मनोरा होता, आणि मनोऱ्यावरून तारांनी उचलून घडी घालता येईल असं छप्पर. खेळ सुरू झाले तेव्हा मनोरा अर्धवट होता आणि छपराचा पत्ता नव्हता. मनोरा पुरा झाला १९८७ मध्ये, म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर अकरा वर्षांनी मांडव उभा राहिला. छप्पर आलं ते वारा सुटला की उघडता येईना आणि पाऊस आला की गळू लागलं. सप्टेंबर १९९१ मध्ये ५५ टनांची तुळई बाहेरच्या बाजूला कोसळली आणि एक्स्पोजला मोसमातले उरलेले सामने परगावी जाऊन खेळावे लागले. मग छप्पर बदललं. नवं छप्पर पहिल्याच हिवाळ्यात, जानेवारी १९९९ मध्ये, आत मोटारींच्या प्रदर्शनाची तयारी चालू असताना फाटलं आणि गाड्यांवर बर्फ आलं. हे सगळं फेडलं कोणी? सिगारेट ओढणाऱ्यांनी. क्विबेक सरकारने १९७६ मध्ये तंबाखूवर खास कर बसवला आणि ऑलिम्पिकचं दीड अब्ज डॉलरच्या आसपास गेलेलं कर्ज २००६ मध्ये फिटलं. तीस वर्षं हा प्रांत एका हाताने लोकांना सिगारेट सोडा म्हणत होता आणि दुसऱ्या हाताने तिच्या धुरातून कर्जाचे हप्ते वेचत होता. शहराने स्टेडियमचं नाव ‘बिग ओ’ ठेवलं, आणि स्पेलिंगमध्ये दोन अक्षरं वाढवून त्याचं ‘मोठं देणं’ करून टाकलं. एवढीच काय ती त्यावरची चर्चा.

चर्चा खरी चालू होती ती दुसरीकडे. १९८२ मध्ये गॅरी कार्टर या कॅचरला वर्षाला २० लाख डॉलरच्या घरातला करार मिळाला आणि शहराच्या तोंडचं पाणी पळालं. एका माणसाला वीस लाख! डिसेंबर १९८४ मध्ये त्याला चार खेळाडूंच्या बदल्यात मेट्सकडे धाडण्यात आलं, तेव्हा दिवाणजींच्या एका मोठ्या गटाने सुटकेचा निःश्वास टाकला. एकाच्या बदल्यात चार, शिवाय पगाराची बचत. गणितात चूक काढून दाखवा. १९८६ मध्ये मेट्स जगज्जेते झाले आणि कार्टर त्यांच्या मधोमध उभा होता. चार आण्याच्या कोंबडीवर बारा आण्याचा मसाला वाटणाऱ्या घरात भांडण कशावरून, तर कोंबडी महाग पडली म्हणून.

१९९४ हे या सगळ्याचं शिखर. फेलिपे आलू यांच्या हाताखालचा एक्स्पोज संघ ऑगस्टात ७४ विजय आणि ४० पराभव अशा हिशेबाने साखळीतला सर्वोत्तम संघ होता. बाहेरच्या भागात मोईझेस आलू, मार्किस ग्रिसम आणि लॅरी वॉकर, गोलंदाजीला केन हिल आणि कोवळा पेद्रो मार्टिनेझ, शेवट गुंडाळायला जॉन वेटलँड. सगळ्या संघाचा पगार दोन कोटी डॉलरच्याही आत. न्यूयॉर्क यांकीजचा त्याच्या दुपटीहून जास्त. १२ ऑगस्टला संप झाला. संप कशावरून? मालकांना पगारांवर मर्यादा हवी होती आणि खेळाडूंना नको होती. मर्यादा नसेल तर छोट्या शहरांचे संघ मोठ्या शहरांपुढे टिकणार नाहीत, असं मालकांचं म्हणणं होतं. हे सांगितलं जात असताना साखळीत सगळ्यांच्या पुढे कोण होतं ते वर आलंच आहे. तरीही सामान्य चाहत्याने बोटं मोडली ती बहुतेक खेळाडूंच्या नावाने: कोट्यधीश झाले तरी यांची हाव सुटत नाही म्हणून. कोट्यधीशांशी भांडत होते ते अब्जाधीश, पण अब्जाधीशांचे फोटो छापून येत नव्हते. १४ सप्टेंबरला वर्ल्ड सिरीज, म्हणजे जगज्जेता ठरवणारी अंतिम मालिका, रद्द झाली.

एप्रिल १९९५ मध्ये संप मिटला आणि एक्स्पोजचं दुकान उघडलं ते ‘स्टॉक क्लिअरन्स’ची पाटी लावूनच. आठवडाभरात वेटलँड यांकीजकडे, हिल सेंट लुईसकडे, ग्रिसम थेट कट्टर प्रतिस्पर्धी अटलांटाकडे गेला, आणि वॉकरला साधी विचारणाही न झाल्याने तो कोलोरॅडोला निघून गेला. वेटलँडच्या बदल्यात आला एक होतकरू पोरगा आणि थोडी रोख रक्कम. त्या वर्षी अटलांटा जगज्जेता झाला आणि शेवटचा झेल ग्रिसमने घेतला. पुढच्या वर्षी यांकीज जिंकले आणि मालिकेचा मानकरी ठरला वेटलँड.

इथे एक हुशार आक्षेप येतो आणि तो घ्यायलाच हवा. दोन कोटींच्या आतला संघ जर सर्वोत्तम होता, तर काटकसरच यशस्वी झाली, नाही का? पेद्रोलाच बघा. नोव्हेंबर १९९३ मध्ये डेलिनो डिशील्ड्सला देऊन त्याला डॉजर्सकडून आणलं. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. खरं आहे. पण बेसबॉलमध्ये स्वस्ताईला कायद्याने मुदत घातलेली आहे. खेळाडू पहिली सहा वर्षं संघाला बांधील असतो. त्यातली साधारण पहिली तीन मालक देईल तेवढ्यावर काढायची, पुढची तीन लवादाकडे जाऊन भाव वाढवून घ्यायची, आणि मग तो मोकळा. म्हणजे चांगले खेळाडू हेरणं, घडवणं ही हुशारी मॉन्ट्रियलकडे भरपूर होती. सहा वर्षांनंतर त्या हुशारीचे पैसे भरायची वेळ आली की मात्र खिसे चाचपायचे. आंबा लावला, शिंपला, मोहर राखला आणि पाड लागला की झाडच विकलं, अशी ती शेती. नोव्हेंबर १९९७ मध्ये पेद्रोला सर्वोत्तम गोलंदाजाचा साय यंग पुरस्कार मिळाला आणि त्याच महिन्यात त्याला बोस्टनला पाठवण्यात आलं. बोस्टनने त्याला सहा वर्षांचे साडेसात कोटी दिले. दिवाणजींचं मत पडलं की इतके दिले असते तर आपण बुडालो असतो. नाही दिले, आणि बुडायला सात वर्षं लागली.

सगळाच दोष कंजुषीला देणंही खरं नाही. मे १९८९ मध्ये, आपल्याला जिंकायचंय अशा हिंमतीने, संघाने सिअॅटलकडून मार्क लँगस्टन हा नावाजलेला गोलंदाज आणला आणि बदल्यात दिलेल्यांत रँडी जॉन्सन नावाचा सहा फूट दहा इंचांचा एक अनघड पोरगा होता. लँगस्टन मोसम संपताच निघून गेला. संघाचे विजय ८१, पराभवही ८१. पोरगा पुढे पाच वेळा साय यंग जिंकला. या अदलाबदलीचा बचाव मी करणार नाही, पण निदान ती गमावण्याची भीती न बाळगता केली होती. ब्रॉन्फमन यांचं मन मात्र त्यानंतर खेळातून उडालं आणि १९९१ मध्ये त्यांनी संघ क्लॉद ब्रोशू यांच्या पुढाकाराने जमलेल्या भागीदारांना विकला. भागीदार पुष्कळ, आणि पैसा घालायची वेळ आली की सगळे एकमेकांकडे बघणारे.

दुसरा आक्षेप: हे हॉकीचं शहर, लोकच यायचे नाहीत. आकडे वेगळं सांगतात. १९८३ मध्ये २३ लाख प्रेक्षक आले होते. त्याआधी, १९४६ मध्ये, जॅकी रॉबिन्सनने अमेरिकी बेसबॉलमधली वर्णाची भिंत ओलांडायची सुरुवात केली ती मॉन्ट्रियल रॉयल्सकडून खेळताना, आणि इथल्या प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं होतं. २००१ मध्ये वर्षभरात साडेसहा लाखही आले नाहीत, हे खरंच. पण दर एप्रिलला नवे चेहरे बघायचे, ऑगस्टात त्यांची नावं पाठ करायची आणि नोव्हेंबरात ते दुसऱ्याच्या गणवेशात बघायचे, असं किती वर्षं कोणी करावं? त्यातून गळकं स्टेडियम, शहराच्या मध्यापासून दूर. २००० साली तर सामना इंग्रजीतून रेडिओवर ऐकायचीसुद्धा सोय नव्हती. तिसरा आक्षेप चलनाचा, आणि तो मला पटतो. तिकिटं कॅनडाच्या डॉलरमध्ये विकायची आणि पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यायचा. २००२ च्या सुरुवातीला कॅनडाचा डॉलर ६२ सेंटांवर आला होता. एवढ्या ओझ्याखाली कुठलाही दिवाणजी वाकला असता. फक्त टोरांटोतही तोच डॉलर चालत होता आणि तिथला संघ आजही तिथेच आहे.

शेवटची दोन-तीन वर्षं म्हणजे शुद्ध प्रहसन. कलाविक्रेते जेफ्री लोरिया यांनी १९९९ मध्ये भागीदारी घेतली, पुन्हा पुन्हा भांडवल मागितलं, स्थानिक भागीदारांनी हात आखडता घेतला आणि बघता बघता जवळपास सगळा संघ लोरियांचा झाला. २००१ मध्ये साखळीने हा संघ बंदच करून टाकायचं ठरवलं. २००२ मध्ये तो साखळीनेच १२ कोटी डॉलरला विकत घेतला, आणि लोरियांनी फ्लोरिडाचा संघ घेऊन पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणजे मॉन्ट्रियल सोडून गेलेला मालकसुद्धा जगज्जेता झाला. एक्स्पोजचे मालक आता उरलेले २९ संघ, म्हणजे त्याचे प्रतिस्पर्धीच. संघाला भवितव्य नाही म्हटल्यावर व्यवस्थापक ओमार मिनाया यांनी जून २००२ मध्ये भवितव्यच देऊन टाकलं: बार्टोलो कोलोन हा गोलंदाज आणला आणि बदल्यात क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर आणि ब्रँडन फिलिप्स दिले. तिघेही पुढे नामांकित झाले, कोलोन सहा महिन्यांत शिकागोला गेला. २००३ च्या ऑगस्टअखेर संघ बाद फेरीच्या शर्यतीत बरोबरीवर होता. सप्टेंबरात सगळे संघ खालच्या साखळीतून चार-दोन पोरं महिनाभरासाठी वर बोलावतात. एक्स्पोजला परवानगी मिळाली नाही. खर्च परवडणार नाही म्हणे. खर्च होता त्या पोरांच्या एका महिन्याच्या किमान पगाराचा. १२ कोटींना घेतलेला तोच संघ साखळीने २००६ मध्ये वॉशिंग्टनला ४५ कोटींना विकला आणि वॉशिंग्टनने नवं स्टेडियम सरकारी पैशातून बांधून दिलं. बिनपगारी चाहत्यांपैकी कोणाच्या वहीत ही ३३ कोटींची जमा लिहिलेली मी तरी पाहिली नाही.

सर्वात गंभीर आक्षेप अजून उरला आहे. १९९८ मध्ये शहराच्या मध्यवस्तीत नवं, आटोपशीर मैदान बांधायला सरकारी मदत मागितली गेली तेव्हा क्विबेक प्रांताचे मुख्यमंत्री ल्युसियँ बुशार यांनी नकार दिला. इस्पितळं बंद करायची पाळी आलेली असताना बेसबॉलला पैसे कसे देऊ, हा त्यांचा प्रश्न होता. त्याला उत्तर नाही आणि असू नये. मी त्या खुर्चीत असतो तर मीही नकारच दिला असता. पण मग तोच प्रश्न काँक्रीटलाही विचारायला हवा होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये क्विबेक सरकारने त्याच ऑलिम्पिक स्टेडियमच्या नव्या छपरासाठी ८७ कोटी कॅनेडियन डॉलर मंजूर केले. जुन्या छपराला २०,००० च्या वर चिरा पडल्या होत्या, आणि तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त बर्फाचा अंदाज असला की आत कार्यक्रम घ्यायला बंदी होती, कॅनडात, हिवाळ्यात. मग पाडून का टाकत नाही? मंत्रिणबाईंनी सांगितलं, पाडायचा खर्च दोन अब्ज. नाकापेक्षा मोती जड हे ऐकलं होतं, पण नाक निघून गेल्यावर वीस वर्षांनी मोत्याला नवं कोंदण करणारं घर हे एकच. फुटबॉलचा संघ शेजारच्या मैदानात खेळतो, कॅनेडियन फुटबॉलचा टेकडीवरच्या विद्यापीठाच्या मैदानात. छपराखाली कायमचा भाडेकरू कोणीच नाही.

पैसे ओतले की जिंकता येतं, असं मात्र मी म्हणत नाही. मेट्सने हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख कबूल केले, आणि २०२५ मध्ये ते बाद फेरीतही पोचले नाहीत. टॅम्पाचा संघ काटकसरीसाठी नावाजलेला. कमी पैशांत तो दोनदा वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. दिवाणजी मंडळी टॅम्पाचं नाव जपमाळेसारखं ओढतात. पण त्या आदर्श संघाला घरी प्रेक्षक मिळेनात म्हणून २०१९ मध्ये त्याने योजना मांडली: अर्धा मोसम फ्लोरिडात खेळू, अर्धा मॉन्ट्रियलमध्ये. इकडून पुढाकार होता स्टीफन ब्रॉन्फमन यांचा, म्हणजे चार्ल्स यांच्या मुलाचा. तीन वर्षं शहर अर्ध्या संघावर पूर्ण वेळ वाद घालत होतं, अर्ध्या मोसमाच्या तिकिटांचा भाव काय असावा इथपर्यंत. जानेवारी २०२२ मध्ये साखळीने ती योजनाही मोडीत काढली.

एप्रिल २०२५ मध्ये टोरांटोने व्लादिमिर गरेरो ज्युनियरशी १४ वर्षांचा, ५० कोटी अमेरिकी डॉलरचा करार केला, आणि मॉन्ट्रियलसकट सगळ्या कॅनडात दिवाणजींनी बोटं मोजायला सुरुवात केली: शेवटच्या वर्षी तो चाळिशीला टेकलेला असेल, गुडघे साथ देतील का, एवढा पैसा अडकवून ठेवणं शहाणपणाचं आहे का. त्याच ऑक्टोबरात त्याच्या बॅटच्या जोरावर टोरांटो १९९३ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीजला पोचलं आणि सातव्या सामन्याच्या अकराव्या डावापर्यंत लढून हरलं. ८७ कोटी कॅनेडियन डॉलर म्हणजे अमेरिकी चलनात ६४ कोटींच्या आसपास. मॉन्ट्रियलचं छप्पर त्याच्यापेक्षा महाग आहे. माझ्या मते टोरांटोला तो स्वस्तात पडला. त्याचे वडील एक्स्पोजचे अखेरचे मोठे खेळाडू. २००४ च्या सुरुवातीला ते पाच वर्षांच्या ७ कोटींसाठी कॅलिफोर्नियाला गेले आणि त्याच वर्षी आपल्या लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. मुलाचा जन्म १६ मार्च १९९९ चा, मॉन्ट्रियलचा.